इतिवृत्त

शाळा व्यवस्थापन समिती, उंबरखेडे, तालुका चोपडा.
सभेची वेळ दुपारी चार.
सुरू झाली रात्री सव्वाआठला,
कारण कापूस फुटलाय, आणि दिवसा गावात
म्हातारे नि कोंबड्या एवढाच कोरम.

मी सदस्य-सचिव. म्हणजे
सतरंजी झटकायची, बल्ब लावायचा,
आणि सगळे उठून गेल्यावर लिहीत बसायचं.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.
वाचलं कुणीच नाही. भटू अध्यक्ष म्हणाले,
गुरुजींनी लिहिलंय ना, मग असेल बरोबर.

विषय दुसरा, कुंपणाची तार.
कोणी नेली ते सगळ्यांना ठाऊक,
आणि नेणारा माझ्या डाव्या हाताला बसून तंबाखू मळत होता,
म्हणून तार गहाळ झाल्याची नोंद घेण्यात आली.

तिसऱ्या विषयाला तंबाखू थांबली.
तालुक्याचं पत्र, दोन परिच्छेद, एक गोल शिक्का:
पट एकोणीस, विसाच्या आत.
शाळा नाल्यापलीकडच्या शाळेत सामावून घेण्याबाबत
समितीने अभिप्राय कळवावा.

सगळ्यांत जास्त चिडले लोटन आप्पा.
या खोलीच्या विटा त्यांच्या गाडीतून आल्या होत्या,
पायाला पाणी त्यांच्या विहिरीचं.
त्यांचे दोन्ही नातू रोज पिवळ्या बसने चोपड्याला जातात,
ते कुणी काढलं नाही.

वंदना कोळी, चार सभा नुसती सही करून गेलेली,
पदर खोचत म्हणाली,
नालाले काय मालूम, आज शाळा शे का सुटी शे?
मी लिहिलं: विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत चर्चा झाली.
लिहून झाल्यावर वाक्याकडे बघत राहिलो.
फाडता येत नाही, पानांना क्रमांक असतात.

मग बोटांवर मोजणी.
धुडकूचा धाकटा अजून साडेचार वर्षांचा.
सुरेखाची पोर मामाकडे, नंदुरबारला.
एकोणीस.
पुन्हा मोजा.
एकोणीसच.

दारात किटली घेऊन इमलाबाई.
ती समितीत नाही. तिचं नाव येतं
खिचडीच्या मानधनाच्या यादीत, तेही तीन महिने उशिरा.
कपात चहा ओतता ओतता, मान वर न करता:
गुरुजी, थाळ्या तं मी रोज तेवीस धोस.

कुणीतरी बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

कापूस येचाले येल लोकेस्ना चार पोरे.
भिंतना मांगे बसेल ऱ्हातस. मी वाढी देस.

मला माहीत होतं.
तांदळाच्या वहीत मी एकोणीस मांडत होतो
आणि तेवढ्यात तेवीस पोटं कशी भरतात
हे तिला कधी विचारलं नव्हतं.

ते आपल्या गावचे नाहीत, तारवाला म्हणाला.
भटू त्याच्याकडे बघत राहिला जरा वेळ.
आनि कापूस कोना गावना येचतस?

ठराव क्रमांक सात.
चार बालकांना दाखल करून घ्यावे, शाळा आहे तिथेच ठेवावी.
सूचक भटू धनगर, अनुमोदक वंदना कोळी. सर्वानुमते.
तारवाल्याने पण अंगठा दिला, तंबाखूचा.
इमलाबाईसाठी रकाना नव्हता.
समासात बारीक अक्षरात लिहिलं: चहापान, इमलाबाई भील.

सकाळी रजिस्टर घेऊन शेतावर गेलो.
पांढऱ्या ढिगावर चार डोकी,
थोरलीच्या मांडीवर आमच्या शाळेची थाळी, त्यात बोरं.
नाव रेवली. जन्मतारीख?
बाप म्हणाला, भोंगऱ्या बाजाराच्या दोन दिवस आधी.
साल?
तो सातपुड्याकडे बघू लागला.
मीही बघितलं, त्याच्यासोबत, थोडा वेळ.
मग अनुक्रमांक वीसपुढे एक तारीख टाकली.

वेचणी संपली की ही माणसं डोंगरात परत जातील,
साधारण होळीला.
ते मी ठरावात लिहिलेलं नाही.